पाटणच्या उतारांवरचा नायट्रोजन : प्रकल्पाची वही, २०२५

१४ फेब्रुवारी

जागा पक्क्या झाल्या. पाचही पाटण तालुक्यात, सगळ्या मालकीच्या नाहीतर गावकीच्या जमिनीत. कोयना अभयारण्यात शिरायचं तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची परवानगी हवी, आणि ती हातात पडेपर्यंत पाऊस येऊन गेला असता.

देवराई, जिथं कुऱ्हाड चालत नाही. तिच्या वरच्या अंगाचा गवताळ माळ, जो दर उन्हाळ्यात जळतो. जुनी कुमरी, म्हणजे नाचणी-वरीसाठी झाडं तोडून-भाजून केलेलं आणि आता पड टाकलेलं रान. जुलै २०२१ च्या पावसात सुटलेल्या दरडीचा पट्टा. आणि रस्त्याकडेचा एक उतार, गेल्या दिवाळीनंतर जेसीबी लावून कापलेला, प्लॉट पाडलेला. ही शेवटची जागा मूळ प्रस्तावात नव्हती, ती मी घुसडली. सर म्हणाले, "हा मृदाशास्त्राचा प्रकल्प आहे की महसूल खात्याचा?" पण नाही म्हणाले नाहीत.

प्रश्न साधा आहे. उतारावरचा झाडोरा विस्कटला की मातीतला नायट्रोजन कोण बनवतं, कोण धरून ठेवतं आणि कधी हातातून जातो? सह्याद्रीत या प्रश्नाला धार आहे, कारण खाली सगळा बेसाल्ट. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, थोडाफार फॉस्फरस कातळ झिजून मिळत राहतो. नायट्रोजन मात्र या कातळात नसल्यात जमा. जो काही आहे तो हवेतून आलेला, जिवाणूंनी पकडलेला आणि पालापाचोळ्यातून मातीत साठलेला. वरचा वीतभर थर गेला तर ती सगळी पुंजी गेली.

२६ फेब्रुवारी

पहिले नमुने. देवराईत ऑगर (मातीचा नमुना काढायचा गिरमिट) लोण्यात गेल्यासारखा गेला. दरडीच्या पट्ट्यावर तो तीन बोटांवर थांबला. खाली पिवळट मुरूम, त्यात कुजकट दगड, जो नखानं खरवडला तर भुगा होतो पण ऑगरला दाद देत नाही. शेवटी मामांनी पहारीनं खड्डा केला आणि मी बाजूची भिंत खुरप्यानं खरवडून नमुना घेतला.

मामा गावातलेच. २०२१ च्या त्या रात्री त्यांच्या घरामागचा ओढा गढूळ होऊन अचानक आटला, म्हणून त्यांनी माणसं, गुरं घेऊन घर सोडलं. वर कुठंतरी डोंगर सुटून पाणी अडलंय हे त्यांनी ओळखलं. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं माणसं गाडली गेली. आमचा पट्टा वस्तीपासून लांब, तिथं कुणी गेलं नाही, म्हणूनच तो निवडला. जिथं माणसं गेली तिथं ऑगर घेऊन उभं राहायची माझी तयारी नाही.

३ मार्च

एक तांत्रिक भांडण आताच मिटवून टाकते. निधी देणाऱ्यांना ‘उपलब्ध नायट्रोजन, किलो प्रति हेक्टर’ हवा आहे, कारण मृदा आरोग्य पत्रिकेवर तोच आकडा असतो. तो येतो सुब्बय्या आणि असिजा यांच्या १९५६ च्या पद्धतीनं: माती अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटबरोबर उकळायची, निघालेला अमोनिया मोजायचा. २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त. शेतासाठी पद्धत बरी आहे. पण त्यात सहज फुटणारा सेंद्रिय नायट्रोजन मोजला जातो; मातीत आज मुळांना थेट उचलता येणारं अमोनियम किती, नायट्रेट किती, हे कळत नाही. माझा सगळा प्रश्न तोच आहे.

शिवाय किलो प्रति हेक्टर काढताना वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती हेक्टरी साधारण २२.४ लाख किलो धरतात. दरडीवर निम्मे दगडच आहेत. तिथं हा गुणाकार केला तर मुरमाच्या ढिगाऱ्याचंही शेत होऊन बसतं. आम्ही चाळलेल्या मातीच्या किलोमागे मिलिग्रॅम लिहू आणि दगडांचं आकारमान वेगळं मोजू. पत्रिकेवाला आकडा परिशिष्टात जाईल.

१२ मार्च

माळ जळला. कुणी लावला हे कुणी सांगत नाही, सांगायची पद्धतही नाही. आम्ही पोचलो तेव्हा राख गार झाली होती. कुसळीचे झुबके वर काळे पडलेले, पण मुळाशी हिरवट. बोट खुपसलं तर दोन सेंटिमीटरखाली मातीला आगीचा पत्ताही नव्हता.

वणव्याला आपण सरसकट शिव्या देतो. रोपं मरतात, पक्ष्यांची घरटी जातात, त्या शिव्या योग्यच आहेत. पण नायट्रोजनचा हिशेब थोडा वेगळा आहे. साधारण २०० अंशांच्या पुढं सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन वायू होऊन उडायला लागतो. राखेत कॅल्शियम, पोटॅश, फॉस्फरस मागं राहतं. मात्र कुसळीसारखं बारमाही गवत वाळायच्या आधीच पात्यातला बराचसा नायट्रोजन खाली मुळाबुंध्यात ओढून घेतं. मार्चमध्ये जळतं ते मुख्यतः काड असतं. म्हणून दरवर्षी जळूनही माळ उघडा पडत नाही. हा अंदाज आहे, मोजून बघायचा आहे.

राखेखालचे वरचे दोन सेंटिमीटर वेगळे घेतले.

४ एप्रिल

मामांच्या वाडीत राब, म्हणजे रोपांचा वाफा, भाजायचं काम चालू. शेणी, काट्याकुट्या, पाला, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. वहिनींना विचारलं, कशासाठी भाजता? "रोप जोमानं येतं, गवत कमी उगवतं." बरोबर आहे. मातीच्या वरच्या थरातले जिवाणू आणि तणाचं बी उष्णतेनं मरतं. मेलेल्या जिवाणूंच्या शरीरातला नायट्रोजन अमोनियम होऊन मोकळा होतो, आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश परततात. म्हणजे काही आठवडे मातीत अमोनियम साठून राहतं, वाहून जात नाही, आणि नेमकं तेव्हाच रोप वाढत असतं. एवढ्याशा वाफ्यासाठी ही युक्ती नामी आहे. अख्ख्या उतारावर केली की तीच कुमरी होते आणि मग हिशेब बदलतो, कारण उतारावरचा पाऊस रोपासाठी थांबत नाही.

९ एप्रिल

पिशव्या पुरल्या. पद्धत जुनी, एनोची, १९६० ची. मातीचा नमुना पातळ पॉलिथिनच्या पिशवीत बांधून त्याच खड्ड्यात परत पुरायचा. पॉलिथिनमधून हवा जाते, पाणी जात नाही. आत मुळं नाहीत. म्हणजे पिशवीत जे नायट्रेट बनेल ते उचलायला कोणी नाही आणि धुऊन न्यायला पाऊस नाही. पिशवीबाहेरच्या मातीशी तुलना केली की कुणी किती घेतलं ते उघडं पडतं.

शिवाय तीस सेंटिमीटर खोलीवर रेझीनच्या पुरचुंड्या, पाण्याबरोबर खाली झिरपणारं नायट्रेट धरून ठेवायला. आयन-विनिमय रेझीन बायकांच्या नायलॉन स्टॉकिंगमध्ये भरतात, जगभर हीच पद्धत आहे. पाटणच्या बाजारात दुकानदारानं डझनभर स्टॉकिंग बांधून देताना माझ्याकडं आणि मामांकडं आळीपाळीनं बघितलं. मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "माती परीक्षणाला लागतात."

प्लॉटच्या जागेवर पुरताना एक गोष्ट दिसली. जेसीबीनं वरची काळी माती फेकून दिलेली नाही, ती खालच्या लाल मातीत कालवून पसरली आहे. मुळं तुटलेली, पाला गाडलेला, ऊन थेट मातीवर. नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना यापेक्षा चांगली सोय कुणी करून दिली नसती.

२३ मे

गेले काही दिवस रोज पाऊस. वळीव म्हणावा तर तो तासाभरात थांबतो. हा थांबत नाहीये. आमचं वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या नमुन्यांवर बेतलेलं होतं, पावसाआधीची शेवटची नोंद म्हणून. आता ते धरून बसण्यात अर्थ नाही. उद्याच निघतोय.

२७ मे

काल मोसमी पाऊस मुंबईत पोचला. एरवी ११ जूनला येतो. २६ मे ही तिथली आजवर नोंदलेली सगळ्यात लवकरची तारीख.

आम्ही भिजत नमुने घेतले. कोरडी माती पहिल्यांदा भिजते तेव्हा काय होतं हे बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ मध्ये मांडलं: कोरड्यात मेलेले आणि तहानलेले सूक्ष्मजीव, सुटे झालेले सेंद्रिय कण, सगळं एकदम कुजायला लागतं आणि अमोनियम-नायट्रेटचा लोंढा येतो. आमच्याकडं हा लोंढा एरवी जूनच्या पहिल्या सरींबरोबर येतो, आणि पाठोपाठ गवत, रोपटी उगवून तो उचलतात. यंदा तो दोन-तीन आठवडे आधी आला आणि थांबला नाही. मुळं अजून जागी व्हायची होती.

एप्रिलच्या पिशव्यांचा इथं काही उपयोग नाही. त्या कोरड्या मातीच्या होत्या आणि पिशवीतली ओल पुरताना असेल तेवढीच राहते. बाहेर चिखल, आत धूळ. त्या काढल्या आणि ओल्या मातीच्या नव्या पिशव्या त्याच खड्ड्यांत बांधून पुरल्या. रेझीनच्या पुरचुंड्या मात्र एप्रिलपासून खाली होत्या, त्यांनी हा पहिला पाऊस पकडला असणार. त्यांना हात लावला नाही.

३० मे

प्रयोगशाळा. नमुने बर्फात आणले होते, कारण ओली माती गाडीच्या डिकीत एक दुपार तापली तरी आकडे बदलतात. दहा ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर २ मोलर पोटॅशियम क्लोराइड, तासभर शेकरवर, मग गाळणं. गाळणकागद आधी त्याच द्रावणानं धुऊन घेतले. कागदात स्वतःचं अमोनियम असतं आणि दरडीच्या नमुन्यात ते मातीतल्यापेक्षा जास्त भरलं असतं.

नायट्रेटच्या नळ्या रांगेत लावल्या. या चाचणीत नायट्रेट असेल तितका रंग गुलाबी होतो. देवराई: जेमतेम गुलाबी छटा. माळ: तसंच, किंचित जास्त. कुमरी: बरा गुलाबी. दरड: ब्लँकशेजारी (माती नसलेल्या नळीशेजारी) ठेवली तर ओळखू येईना. प्लॉटची जागा: इतका गडद की यंत्राच्या मर्यादेबाहेर, पातळ करून पुन्हा लावावी लागली.

अमोनियमच्या नळ्यांत क्रम वेगळा. देवराईत सगळ्यात जास्त. माळावरच्या राखेखालच्या थरातही होतं, पण मी धरलं होतं त्याहून कमी.

१९ जून

दुसऱ्या खेपेच्या पिशव्या काढल्या. या नोंदींतली ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर.

देवराईत पिशवीबाहेर नायट्रेट नाहीच म्हणावं इतकं कमी. पिशवीच्या आत भरपूर. म्हणजे देवराईच्या मातीत नायट्रेट बनत नाही हा समज चूक. बनतं, आणि बनल्याबरोबर मुळं, बुरशी, जिवाणू उचलतात. एकावेळी मातीत शिल्लक किती यावरून चक्र किती वेगानं फिरतंय हे कळत नाही.

प्लॉटच्या जागेवर पिशवीत भरपूर, आणि मेअखेरीस बाहेरही भरपूर होतं. आज बाहेर जवळजवळ शून्य. तिथं उचलायला मूळ नाही, उगवलंय ते चार काड्या टाकळा. मग गेलं कुठं? रेझीनच्या पुरचुंड्यांमध्ये. त्याही खाली बरंच गेलं असणार. काही ओल्या गच्च, हवा नसलेल्या मातीत विनायट्रीकरण होऊन वायूरूपानं उडालं असेल. ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ हवा, तो आमच्याकडं नाही.

दरडीवर पिशवीच्या आत-बाहेर दोन्हीकडं काही नाही. कुजायलाच काही नाही तर बनणार काय?

अमोनियम धनभारित, चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या ऋणभाराला चिकटून राहतं. नायट्रेट ऋणभारित, पाण्याबरोबर चालू लागतं. हे बारावीचं पुस्तक झालं. पण उतारावर उभं राहून, त्याच पावसात, दोनशे पावलांवरच्या दोन जागा अशा दोन टोकांना बघितल्या की ते पटतं.

१० जुलै

दरडीवर जीव धरायला लागलाय. मुरमावर काळपट-हिरवा, पायाखाली सटकणारा थर. हाताच्या भिंगातून बघितलं तर मध्येच जेलीसारखे फुगलेले गोळे: नॉस्टॉक. हे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन स्वतः पकडतात. मामा याला नुसतं शेवाळ म्हणतात आणि त्यावरून घसरून पडलेल्यांची यादी सांगतात.

त्या थराच्या कडेनं कवला उगवलाय, स्मिथिया, पिवळ्या फुलांचा. एक रोप मातीसकट उचलून बादलीत धुतलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. एक नखानं फोडली: आतून गुलाबी-लाल. म्हणजे लेगहिमोग्लोबिन (नायट्रोजन पकडणाऱ्या गाठीतलं लाल द्रव्य) आहे, गाठ काम करतेय. जवळच्या खुळखुळ्याच्या गाठी मोठ्या, काही आतून लाल, काही हिरवट, म्हणजे संपलेल्या.

टाकळाही उपटला. गाठ एकही नाही. टाकळा शेंगावर्गातलाच, पण गाठी धरत नाही, नायट्रोजन पकडत नाही. ‘शेंगावर्गीय आहे म्हणजे जमीन सुधारते’ असं लिहिणाऱ्या अहवालांना तो दाखवायला हवा. भाजी मात्र उत्तम होते. वहिनींनी दुपारी केली होती.

२८ जुलै

पावसानं रस्ता बंद. सुट्टी समजून कासच्या जुन्या नोंदी चाळल्या. तिथल्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवं का वाढतात याचं उत्तरही हेच: कातळावरच्या बोटभर मातीत नायट्रोजन इतका कमी की झाडं किडे खाऊन तो मिळवतात. म्हणजे नायट्रोजनची गरिबी हा प्रत्येक ठिकाणी रोग नाही. सड्यावर खत पडलं तर ती फुलं जातील आणि धटिंगण गवतं येतील. आमच्या दरडीचं मात्र तसं नाही. तिथं चार वर्षांपूर्वी जंगल होतं.

२१ ऑगस्ट

कुमरीवर खोल खड्डा घेतला. वरच्या थरात नायट्रेट संपलेलं, अपेक्षेप्रमाणे. पण साठ सेंटिमीटरवर, तांबड्या थरात, पुन्हा गुलाबी रंग. दोनदा करून बघितलं.

कारण लोहाच्या ऑक्साइडमध्ये आहे. जांभ्याच्या जातीच्या, फार झिजलेल्या, आम्ल मातीत या ऑक्साइडवर काही प्रमाणात धनभार येतो, आणि तो नायट्रेटला धरून ठेवतो. वरून धुऊन गेलेलं सगळंच ओढ्याला गेलं नाही. थोडं खाली अडकलंय. तिथपर्यंत पोचणारी मुळं असतील तर ते परत मिळू शकतं. नाचणीची मुळं पोचणार नाहीत. पडावर आपोआप उगवलेल्या ऐनाची, गेळ्याची, धायटीची पोचतील. रान पड ठेवायची जुनी रीत इथं कामाला येते, फक्त पड पुरेशी वर्षं ठेवायला हवी, आणि आता तेवढी जमीन कुणाकडं आहे?

१६ सप्टेंबर

प्लॉटच्या जागेवर रानमोडी छातीएवढी. कडेनं घाणेरी. नायट्रेट मोकळं, ऊन मोकळं, स्पर्धा नाही. दरडीवर रानमोडीची रोपं आली होती, ती पिवळी पडून वीतभरातच खुंटलीत.

देवराईच्या खालच्या अंगाला कारवीचा एक पट्टा आहे, गेल्या हंगामात फुलून एकजात मेलेला. सात-आठ वर्षांनी एकदा फुलायचं आणि मरायचं हा कारवीचा नेम. तिथंही एवढा पाला एकदम पडला, मुळं मेली, तर नायट्रेट सुटायला हवं होतं. फारसं सुटलं नाही. वाळलेल्या सोटांखाली कारवीचीच नवी रोपं दाटीनं उभी आहेत आणि वर झाडांची मुळं जिवंत आहेत. विस्कटणं मोठं होतं, पण उचलणारे जागेवर होते.

७ ऑक्टोबर

सरांशी तक्त्यावरून वाद. त्यांना दोन स्तंभ हवेत: राखलेलं आणि विस्कटलेलं. म्हणजे देवराई एकीकडं, बाकी चार दुसरीकडं, मग सरासरी, मग फरक. मी म्हटलं, सर, त्या चारांची सरासरी काढली तर दरडीचं शून्य आणि प्लॉटचा पूर एकमेकांना खाऊन टाकतील आणि उत्तर येईल, काही विशेष फरक नाही.

ते हबर्ड ब्रुकचं उदाहरण घेऊन बसले. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या त्या पाणलोटात १९६५-६६ च्या हिवाळ्यात लायकेन्स आणि बोरमन यांच्या गटानं सगळी झाडं तोडून तिथंच पडू दिली, वर तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडं गेलं. "झाडं गेली की नायट्रेट वाहतं, सिद्ध झालेलं आहे." हो, पण तिथं माती जागेवर होती. तो प्रयोग आमच्या प्लॉटच्या जागेशी जुळतो, दरडीशी नाही. दरडीवर मुळंही गेली आणि मातीही गेली. माळावर मुळं आहेत, म्हणून जळूनही गळत नाही.

शेवटी पाच स्तंभ ठरले. सांख्यिकीच्या दृष्टीनं नमुने कमी पडतात असं त्यांचं म्हणणं, ते खरं आहे. प्रत्येक प्रकारची एकच जागा असताना निष्कर्ष जपून लिहावे लागतील. पुढच्या वर्षी दरडीचे आणखी पट्टे घ्यायचे, जुन्या-नव्या वयाचे.

१८ ऑक्टोबर

ग्रामपंचायतीत बैठक. पुढच्या पावसाळ्यात दरड आणि प्लॉट या दोन्ही जागांवर लावायला रोपं मंजूर झाली आहेत, दोन्हीकडं गिरीपुष्पच. सरपंचबाईंनी विचारलं, "ताई, चालेल ना?"

दरडीवर चालेल. फांदी रोवली की जगते, गाठी धरते, पाला लवकर कुजतो. तरी बाहेरून आलेलं झाड आहे, म्हणून सोबत कवल्याचं, खुळखुळ्याचं बी फेकायला सांगितलं. ते शेजारच्या बांधावरून फुकट मिळतं. आणि पट्टा तुडवायचा नाही, शेवाळावर गुरं घालायची नाहीत.

प्लॉटच्या जागेवर गिरीपुष्प नको. तिथं आधीच सुटलेला नायट्रोजन धरायला कोणी नाही, आणखी बनवणारं झाड लावून काय साधणार? तिथं मूळ हवं, लवकर आणि दाट: मे महिन्याआधी गवताचे ठोंब, समपातळीवर ओळीनं, आणि मागं धायटी, करवंद. त्या म्हणाल्या, मंजुरी गिरीपुष्पाची आहे, गवताच्या ठोंबांना खर्चाचं शीर्षकच नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, चारा विकासात बसवता येईल, अर्ज द्या. अर्ज आज रात्री लिहिते. रेझीनच्या नव्या पुरचुंड्या मार्चमध्येच पुरायच्या, यंदासारखा पाऊस पुन्हा मेमध्ये आला तर त्या खाली हव्यात.